सपाट पृथ्वीचा वाद आणि तिसरी काठी

बंगळूर शहराच्या पूर्वेस असलेले महादेवपुरा हे विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ 13 अंशांवर वसले आहे. दरवर्षी एप्रिलच्या 24 तारखेच्या सुमारास, आणि पुन्हा ऑगस्टच्या 18 तारखेच्या सुमारास, तेथे भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एप्रिलमधील त्या दिवशी घड्याळात बारा वाजून सतरा मिनिटे होण्याच्या बेतास उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लोप पावते. त्याच दिवशी पुण्यात तेथील मध्यान्ही, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांनी, एक मीटर उंचीची काठी उभी केली, तर तिची सावली उत्तरेकडे सुमारे 9.7 सेंटिमीटर पडलेली आढळेल. सूर्य एकच, काठ्या सारख्याच, मग सावलीत हा भेद का?

पृथ्वी गोल आहे असे मानणारा याचे उत्तर असे देतो. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात. भेद आहे तो काठ्यांच्या दिशांमध्ये. पुण्याची काठी महादेवपुऱ्याच्या काठीशी सुमारे साडेपाच अंशांनी कललेली आहे. दोन्ही गावांमधील दक्षिणोत्तर अंतर सुमारे 615 किलोमीटर आहे. साडेपाच अंशांस इतके अंतर, तर पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांस किती, असे त्रैराशिक मांडले म्हणजे पृथ्वीचा परीघ सुमारे 40,000 किलोमीटर निघतो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस या ग्रीक पंडिताने ईजिप्तमध्ये याच रीतीने परीघ काढला होता, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते.

परंतु पृथ्वीचे गोलत्व सिद्ध करण्यास हा पुरावा पुरेसा आहे, असे जे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते ते बरोबर नाही. सपाटवाद्यास येथे उत्तर आहे, आणि ते फेटाळण्यापूर्वी नीट ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल, जमीन सपाटच आहे. सूर्य मात्र फार दूर नसून जवळ आहे, म्हणून दोन गावी त्याचे किरण निरनिराळ्या कोनांतून येतात. 615 किलोमीटरांच्या अंतराने एक मीटरच्या काठीची सावली 9.7 सेंटिमीटर पडत असेल, तर सूर्य जमिनीपासून सुमारे 6,350 किलोमीटर उंच आहे, इतकेच त्यावरून ठरते. हे गणित चुकीचे नाही. चीनमधील चौ-पेइ या प्राचीन ग्रंथात जमीन सपाट धरून याच पद्धतीने आकाशाची उंची 80,000 ली इतकी काढलेली आहे. दोन काठ्यांची सावली दोन्ही पक्षांना सारखीच अनुकूल असते.

यास्तव तिसरी काठी हवी, आणि ती पुष्कळ दूर हवी. दिल्ली त्या मानाने जवळच पडते. तेथे गोल पृथ्वीच्या हिशेबाने सावली 27.9 सेंटिमीटर, तर सपाट पृथ्वीच्या हिशेबाने 27.3 सेंटिमीटर यावी. सावलीची कड नेहमीच पुसट असल्यामुळे इतक्या भेदावर वाद तोडता येत नाही. सायबेरियातील नोवोसिबिर्स्क हे नगर मात्र 55 अंशांवर आहे. तेथे गोल पृथ्वीवर सावली 90 सेंटिमीटर पडली पाहिजे, आणि सपाट पृथ्वीवर साडेत्र्याहत्तर. साडेसोळा सेंटिमीटरांचा हा फरक शाळकरी मुलाच्या पट्टीनेही मोजता येतो. तेथे खरोखर दिसते ती नव्वदाची सावली. ध्रुवाजवळ तर दोन अपेक्षांमध्ये सव्वाचार मीटर आणि सुमारे 1.3 मीटर असे अंतर पडते. सपाट पक्षास सूर्याची उंची प्रत्येक गावासाठी निराळी मानावी लागते, आणि तेथेच तो पक्ष ढासळतो.

दुसरी कसोटी तर काठीवाचूनही लागू करता येते. उत्तर ध्रुव मध्यभागी असलेल्या तबकडीवरून 6,350 किलोमीटर उंचीवर सूर्य फिरत असेल, तर महादेवपुऱ्यापासून तो मध्यरात्रीही सुमारे 17,000 किलोमीटरांपेक्षा दूर जाऊ शकत नाही. म्हणजे मध्यरात्री तो क्षितिजाच्या वर वीस अंशांवर दिसला पाहिजे! शिवाय संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याचे बिंब दुपारच्या निम्म्याहूनही लहान झालेले असावे. प्रत्यक्षात बिंबाचे माप दिवसभर तेच राहते आणि सूर्य पूर्ण आकारानिशी क्षितिजाखाली बुडतो.

ही शंका आधुनिक नाही. भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात ती स्पष्टपणे उपस्थित केली आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य सर्वांना सदैव का दिसत नाही? मेरू पर्वताच्या आड गेल्यामुळे रात्र होत असेल तर तो पर्वत मध्ये उभा असलेला का दिसत नाही? आणि मेरू उत्तरेस असताना सूर्य वर्षातून सहा महिने पूर्वेच्या दक्षिणेकडे का उगवतो? पृथ्वी सपाट भासते याचे कारणही त्यांनी दिले आहे: परिघाचा शतांश डोळ्यांस सरळच दिसतो, आणि मनुष्य तर पृथ्वीच्या मानाने अगदीच लहान.

असे असूनही सात द्वीपे व सात समुद्र असलेली पुराणांतील सपाट पृथ्वी लोकांच्या मनात कायम राहिली. चमत्कार असा, की जो जोशी ग्रहणाचे गणित गोल पृथ्वी धरून करी, तोच पुराण सांगताना सपाट पृथ्वी सांगे. मराठीत हा विरोध उघडपणे वादात आला तो माळव्यात, भोपाळजवळच्या सिहोर येथे. तेथील ब्रिटिश पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन हा संस्कृत ज्योतिषाचा अभ्यासक होता. युरोपीय ग्रंथांचा दाखला देण्याऐवजी भास्कराचार्यांचाच दाखला द्यावा, म्हणजे लोक ऐकून घेतील, असे त्याचे मत होते. त्याच्या सहवासातील सुबाजी बापू या मराठी पंडिताने 1836 मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहून सिद्धांताची बाजू मांडली. पुण्यातील विद्वानांत त्यावरून खळबळ उडाली. पुराणांचा कैवार घेणारी उत्तरे लिहिली गेली. प्रश्न केवळ पृथ्वीच्या आकाराचा नव्हता. शास्त्रात चूक निघाली तर शास्त्र सांगणाऱ्याचा अधिकार कितपत राहतो, हा खरा पेच होता, आणि त्यामुळेच वाद इतका कडवट झाला. त्या काळच्या पाठशाळांत काय शिकवावे याचाही निर्णय त्यावर अवलंबून होता. इंग्लंडातही असा वाद सौम्य नव्हता: 1870 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस याने कालव्यावर निशाणे लावून पाण्याची वक्रता दाखविली व 500 पौंडांची पैज जिंकली, पण हरलेला हॅम्डन पुढे कित्येक वर्षे त्याची निंदानालस्ती करीत राहिला.

विल्किन्सन 1841 मध्ये मरण पावला. त्याने सिहोरास शिकविलेल्या तरुणांत 1821 साली जन्मलेले बापूदेव शास्त्री होते. ते 1842 पासून काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित व ज्योतिष शिकवू लागले. 1861 मध्ये त्यांच्या सूर्यसिद्धांताच्या इंग्रजी भाषांतराबरोबर विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे भाषांतरही कलकत्त्यास प्रसिद्ध झाले, आणि भास्कराचार्यांच्या त्या जुन्या शंका इंग्रजी वाचकांपुढे आल्या.