वाळा

पावसाळ्याच्या आरंभी मुकुटबनच्या आसपासची काळी जमीन भिजली, तिच्या भेगा बुजल्या, की ढेकळांखालून, कुंडीच्या बुडातून, कधी न्हाणीच्या मोरीतून एक काळसर, दोऱ्यासारखा जीव वळवळत बाहेर येतो. कोणी त्यास गांडूळ समजतो. कोणी "सापाचे पिल्लू!" म्हणून ओरडतो आणि तत्काळ चप्पल उगारली जाते. वस्तुतः तो गांडूळ नव्हे आणि कोणाचे पिल्लूही नव्हे. तो पूर्ण वाढलेला साप असू शकतो. त्याचे नाव वाळा.

वाळ्याची लांबी सहसा वीतभरही भरत नाही, आणि जाडी शिसपेन्सिलीच्या निम्म्याएवढी. गांडुळाचे अंग ओलसर व वलयांचे असते. वाळ्याचे अंग कोरडे असून त्यावर तुकतुकीत खवले असतात. इतर बहुतेक सापांच्या पोटाखाली रुंद पट्ट्यांसारखे खवले असतात. वाळ्याच्या सर्व अंगाभोवती मात्र सारख्याच आकाराच्या खवल्यांच्या वीस रांगा असतात. नीट निरखले तर त्याची इवलीशी जीभही आतबाहेर होताना दिसते. गांडुळाला जीभ कोठून असणार?

जमिनीखाली राहणाऱ्याला डोळ्यांचे काय काम? वाळ्याचे डोळे खवल्याखाली झाकलेले दोन काळे ठिपके होत. त्यांना केवळ उजेड व अंधार एवढाच भेद कळतो. डोके बोथट, मानेचा पत्ता नाही. शेपटीच्या टोकास एक बारीक काटा असतो. तो जमिनीत रोवून हा प्राणी पुढे रेटा घेतो. हाती धरल्यास हाच काटा टोचतो आणि माणसाला वाटते, साप चावला! परंतु वाळ्याला विष नाही, आणि माणसास चावता येईल एवढे त्याचे तोंडही नाही. मुंग्यांची व वाळवीची अंडी, अळ्या आणि कोश हेच त्याचे अन्न. ज्या घराच्या तुळईला वाळवी लागली आहे, त्या घराने तरी त्याच्यावर चप्पल उगारू नये.

डोके आणि शेपूट सारखेच दिसत असल्यामुळे वाळ्याला दोन तोंडे असतात, असा समज पूर्वीपासून आहे. विशाखापट्टणम येथे पॅट्रिक रसेल नावाचे वैद्य होते. त्यांनी 1796 साली सापांवरील आपल्या ग्रंथात या प्राण्याचे वर्णन केले, तेव्हा त्याचे स्थानिक नाव 'दोन डोक्यांचा साप' अशाच अर्थाचे नोंदविले. त्यावरून 1803 साली दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यास शास्त्रीय नाव दिले आणि तो मांडुळाच्या गटात घातला. पुढे तो वेगळा करण्यात आला. बिचाऱ्या मांडुळालाही या दोन तोंडांच्या कल्पनेने फार छळले आहे. ते गुप्तधन दाखविते, या खुळचट समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते, वास्तविक 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय दिले आहे.

वाळ्याची सर्वांत नवलाची गोष्ट अजून सांगावयाची आहे. या जातीत नर आढळत नाहीत. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. म्हणून हा साप जगभर पसरला. एखाद्या रोपाच्या मुळांशी, मूठभर मातीत, एकच वाळा दडून बसला आणि ती कुंडी जहाजावर चढली, तरी दूरच्या बेटावर त्याचा वंश चालू होतो. आपल्या लक्षद्वीपापासून मॉरिशसपर्यंत अनेक उष्ण बेटांवर तो असाच रुजला आहे. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर साप बाळगण्यास कायद्याने बंदी आहे, तरी हा पाहुणा तेथे विसाव्या शतकात रोपांच्या मातीतून पोहोचला आणि राहिला.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. मण्यार हा अत्यंत विषारी सापही काळसर आणि चकचकीत असतो, व त्याचे पिल्लूही लहानच असते. त्याच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. परंतु कंदिलाच्या अंधुक उजेडात ते दिसतीलच असे नाही. म्हणून कोणताही साप हाताने उचलू नये, वडीलधाऱ्यांस हाक मारावी. दिवसाउजेडी वाळ्याची ओळख पटली, तर सुपलीत किंवा कागदावर अलगद घेऊन त्यास बांधावरच्या ओल्या मातीत सोडावे. क्षणार्धात तो डोके खुपसून दिसेनासा होईल.