गुणाकारातला कच्चा आकडा

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या मानसशास्त्रज्ञांनी 1986 साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज असती तर एका बाजूची तूट दुसरीने भरून निघाली असती. गुणाकारात ती सोय नाही. म्हणूनच सहावीतला एखादा मुलगा ऐकलेल्या इतिहासावर भरभरून बोलतो आणि तोच धडा हातात दिला की ‘दुर्ग’ शब्दापाशी अडून बसतो. उत्तरपत्रिकेत मात्र त्याला काहीच येत नाही असं दिसतं.

मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हा कच्चा आकडा सावरतं. रे कर्झवाइल यांनी 1976 मध्ये असं यंत्र आणलं ते अंधांसाठी. आज ती सोय फोनमध्येच असते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना त्याचा उपयोग किती? 2018 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आकलनातली वाढ 0.35 प्रमाण विचलन इतकी निघाली. चमत्कार म्हणावा एवढी नाही, कानाडोळा करावा एवढी किरकोळही नाही.

देवनागरीचे अडथळे वेगळे. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 साली हिंदी वाचकांमध्ये दाखवलं, की अशा शब्दांवर वाचनाचा वेग मंदावतो. रफाराचं याच्या उलट: ऐकू आधी येतो आणि जाऊन बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्यामुळे आवाजाबरोबर पडद्यावरचा शब्दही रंगवून दाखवणारं ॲप मला नुसत्या आवाजापेक्षा बरं वाटतं.

यंत्रही मराठीत अडखळतं. ‘चार चाकं’ यातले दोन ‘च’ लिहायला सारखे, बोलायला वेगळे. यंत्राने दोन्ही एकसारखेच उच्चारले की मुलं हसतात. हसू देत! ज्याला ही चूक कळते त्याची भाषा पक्की आहे, अडचण लिपीशी आहे.

‘ऐकायची सवय लागली की वाचणार कधी?’ ही शिक्षकांची शंका रास्त आहे. अक्षरओळखीच्या तासाला फोन बंदच असावा. पण विज्ञानाच्या धड्यात पचनसंस्था समजून घ्यायची असताना जोडाक्षरांची परीक्षा कशाला? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे, म्हणजे हा मदतीचा प्रश्न हक्काचाही झाला.

खरी गोची बहुतेकदा फाइलमध्ये असते. युनिकोडआधीच्या फाँटमध्ये जुळवलेली पीडीएफ दिसायला शुद्ध मराठी, पण आत रोमन अक्षरांची खिचडी. यंत्र तीच बरळतं. पान स्कॅन केलेलं असेल तर आत अक्षरंच नसतात, नुसतं चित्र. म्हणून ॲप निवडण्याआधी शाळेने धड्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहावी. मराठी उमटली, तरच पुढचं बोलता येईल.