टपालाची सावड
(लेखांक ९)

ऱ्हाईन नदीवरील नौकानयनाच्या आयोगाची हकीकत या खेपेस सांगेन असे वचन मी गेल्या आठवड्यात दिले होते, आणि ते मी विसरलेलो नाही. परंतु मध्यंतरी सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे पत्र आले आणि त्यातील एका प्रश्नाने माझी लेखणी नदीकाठावरून उचलून थेट पोस्टाच्या खिडकीपाशी आणून सोडली. बाई विचारतात : “माझी लेक लंडनला असते. तिच्या पत्राचे हंशील मी येथल्या पोस्टात भरते, म्हणजे पैसे जमा होतात आपल्या सरकारकडे. मग ते पत्र तिच्या दारापर्यंत नेणाऱ्या तिकडच्या पोस्टमनचा पगार कोण देतो?” राष्ट्राराष्ट्रांतील ऐक्याची मानवजातीस काय गरज, या विषयावरील भाषणे मी आजवर पुष्कळ वाचली, पण इतका नेमका प्रश्न त्यांत क्वचितच आढळला. तेव्हा ऱ्हाईनने आठवडाभर थांबावे हे बरे.

पत्राला आज सरहद्द जाणवत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ती पावलोपावली जाणवत असे. प्रत्येक राज्याचा दुसऱ्या प्रत्येक राज्याशी स्वतंत्र करारनामा, वजने निराळी, नाणी निराळी, आणि वाटेत लागणाऱ्या मुलखांचा व जहाजांचा आकार आणखी निराळा. त्यामुळे तेच पत्र त्याच गावी पण दुसऱ्या वाटेने धाडावयाचे झाले की त्याचा दर बदले, आणि आकारणीची कोष्टके उलगडता उलगडता कारकून मेटाकुटीस येई. १८६३ साली अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांच्या सूचनेवरून पंधरा देशांचे प्रतिनिधी पॅरिसला जमले. तत्त्वे ठरली, परंतु कोणावर बंधनकारक होईल असा तह काही झाला नाही.

तो पुढे घडवून आणला हाइन्रिख फॉन श्टेफान या जर्मन अधिकाऱ्याने. पोमेरेनियातील श्टोल्प गावी एका सामान्य कारागिराच्या घरी जन्मलेला हा गृहस्थ टपालखात्यात चढत चढत सर्वोच्च पदास पोचला. १८६८ साली त्याने जागतिक टपालसंघाची योजना मांडली, पण मध्येच फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटल्यामुळे ती काही वर्षे दप्तरात पडून राहिली. अखेर १८७४ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडातील बर्न शहरी परिषद भरली आणि ९ ऑक्टोबर रोजी बावीस देशांनी तहावर शिक्कामोर्तब केले. उत्पन्न बुडेल या धास्तीने फ्रान्सने थोडा काळ हात आखडता घेतला खरा. परंतु पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून रणांगणावर पराभव पत्करला त्यांच्याच अधिकाऱ्याने रचलेल्या या संघात तो १८७६ च्या आरंभी दाखल झाला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानही.

त्या तहाचे पहिले कलम मला कोणत्याही जाहीरनाम्याहून मोलाचे वाटते. पत्रांच्या देवघेवीपुरते हे सगळे देश मिळून एकच टपालमुलूख समजले जातील, असे त्याचे तात्पर्य आहे. पंधरा ग्रॅमच्या पत्रास पंचवीस सांतीम हा सर्वसाधारण दर ठरला, आणि एकमेकांची टपालथैली आपल्या हद्दीतून बिनअडथळा जाऊ देण्याचे सर्वांनी कबूल केले. उरला तो बाईंचा प्रश्न, अर्थात हिशेबाचा. आणि श्टेफान व त्याच्या सहकाऱ्यांची खरी प्रतिभा येथेच दिसते. त्यांनी ठरविले की, जो देश हंशील वसूल करील त्याने ते सगळेच्या सगळे आपल्यापाशी ठेवावे, वाटपाबद्दल कोणी कोणाकडे काही मागू नये. कारण पत्राला बहुधा उत्तर येतेच, आणि त्या उत्तराचे हंशील समोरच्या देशाच्या पदरात पडते. पत्रागणिक देणेघेणे मांडीत बसलो तर हंशिलापेक्षा हिशेबनिसांचाच खर्च अधिक होईल, हे या व्यवहारी माणसांनी ओळखले होते. ज्याच्या मुलखातून थैली नुसती पार होते, त्या मधल्या देशाला मात्र उत्तराचा लाभ नाही, म्हणून त्याला वजनावर मोबदला दिला.

आपल्या खेड्यांतील सावड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. आज माझी बैलजोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात. मजुरीची नोंद कोणी ठेवीत नाही आणि हंगाम सरता सरता फिटंफाट होते. बर्नला बावीस सरकारांनी जी घातली ती टपालाची सावडच होय.

बाईंनी प्रश्नासोबत, उत्तरासाठी म्हणून, तिकीट लावलेले कोरे पाकीटही धाडले होते, त्यावरून एक आडवाटेची गोष्ट आठवली. ही सोय देशात चालते. परदेशी पत्रात नाही, कारण आपले तिकीट तिकडच्या पोस्टात कागदाचा कपटा ठरते. म्हणून १९०६ साली रोमच्या परिषदेत उत्तरकुपनाची तोड निघाली : एका देशात विकत घ्यावे, दुसऱ्या देशात देऊन त्याबदली तिथले तिकीट मिळवावे. अशी काही जुनी कुपने माझ्या संग्रहात आहेत. १९१९ साली स्पेनहून आलेले असेच एक कुपन बॉस्टनमधील कार्लो पाँझी नामक इटालियन इसमाच्या हाती लागले. पडत्या चलनाच्या देशात कुपने घेऊन अमेरिकेत वटविल्यास अपार नफा आहे असे सांगून त्याने पंचेचाळीस दिवसांत दीडपट रकमेचे आमिष दाखविले आणि हजारो लोकांच्या ठेवी गोळा केल्या. त्या ठेवींना पुरतील एवढी कुपने साऱ्या जगात चलनात नव्हती. नव्यांच्या पैशांतून जुन्यांना व्याज देण्याचा हा प्रकार १९२० च्या ऑगस्टात उघडकीस आला. ज्या विश्वासावर टपालसंघ उभा त्याच विश्वासाचा हा भामटेपणा. पण कुपन टिकले आणि पाँझी तुरुंगात गेला.

सावडीत एकाची जमीन फार वाढली म्हणजे कुरबुर सुरू होते, तसे येथेही झाले. काही देशांकडे टपाल येई फार व तेथून जाई थोडे, म्हणून १९६९ च्या टोकियो परिषदेने ज्याच्याकडे जादा टपाल येते त्याला वाटणावळ देण्याचे ठरविले. पुढे घरबसल्या खरेदीची पुडकी वाढली. परदेशातील, विशेषतः चीनमधील, पुडकी देशी पुडक्यांहून स्वस्तात वाटावी लागतात, अशी तक्रार करून अमेरिकेने २०१८ साली संघ सोडण्याची नोटीस दिली. २०१९ च्या सप्टेंबरात जिनीव्हाला खास परिषद भरली, दरांची तडजोड झाली आणि अमेरिका संघात राहिली. बाहेर पडणाऱ्याला प्रत्येक देशाशी पुन्हा वेगळा करारनामा करावा लागला असता, म्हणजे १८७४ पूर्वीच्या त्याच कोष्टकांत परतावे लागले असते. ही जाणीव कोणत्याही बंधुत्वाच्या भाषणाहून प्रभावी ठरली, असे माझे मत आहे.

आणि बंधुत्व जेव्हा सर्वस्वी आटते तेव्हाही ही सावड काही अंशी शाबूत राहते. १८९९ च्या हेग येथील नियमांनी युद्धकैद्यांच्या पत्रांना हंशील माफ केले. पहिल्या महायुद्धात परस्परांवर तोफा डागणाऱ्या राष्ट्रांच्या कैद्यांची पत्रे तटस्थ स्वित्झर्लंडच्या टपालखात्यातून त्यांच्या आयांपर्यंत पोचत होती.

तेव्हा बाई, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : वाटणावळीचा नवा जमाखर्च बाजूस ठेवला तर मूळ योजनेप्रमाणे लंडनच्या पोस्टमनचा पगार आपली लेक देते, आपल्याला उत्तर लिहून. ती लिहीत नसेल तर तिला हा लेख पाठवावा. आपल्या पाकिटात चार ओळी घालून ते मी कालच पोस्टात टाकले आहे. आणि तितकाच बाका प्रश्न दुसऱ्या कोणा वाचकाने धाडला नाही, तर पुढील खेपेस ऱ्हाईन.