आधी गुडघे, मग पाय

पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त दुखतात ती पायांची बोटं. बोर्डावर उभा राहिलेला नवशिका खालची फोमची चटई बोटांनी आवळून धरतो, एसटीत उभ्याने प्रवास करताना वरची दांडी धरावी तशी. त्याने काही उपयोग होत नाही, पण ते आपल्याला कळायच्या आत पायात गोळे येतात. माझेही आले. गोव्यातल्या काणकोण तालुक्यात पाळोळ्याच्या पुळणीवर डिसेंबरातल्या एका सकाळी मी स्टँड-अप पॅडलबोर्डिंगचा पहिला धडा घेतला. दीड तासाचा तो धडा मला जसा समजला, तसा इथे सांगते.

आधी सामान. बोर्ड म्हणजे साडेदहा-अकरा फूट लांब आणि 32 ते 34 इंच रुंद अशी जाड फळी. नवशिक्यांना देतात तो बहुधा हवा भरायचा असतो. समुद्रावरच्या लहान मुलांच्या फुग्यासारखा तो लिबलिबेल असं मला वाटत होतं, पण हवा भरल्यावर त्यावर टकटक केलं तर दार वाजवल्यासारखं वाजतं. हवा फार असते असंही नाही. 12 ते 15 पीएसआय, म्हणजे मोटारीच्या टायरच्या साधारण निम्मी. गोम आत आहे. वरचं आणि खालचं कापड हजारो बारीक धाग्यांनी एकमेकांशी जोडलेलं असतं. हवा भरली की धागे ताणले जातात आणि फुगून गोल होऊ पाहणारी पिशवी सपाट फळी होऊन बसते. गादीला टाके घालतात तेच तत्त्व, फक्त टाके सहा इंच लांब. हातपंपाने भरताना सुरुवातीची हवा भराभर जाते आणि शेवटची घाम काढते, आणि नेमकी त्या शेवटच्या हवेतच बोर्डाची ताठरता असते. कंटाळून आधीच थांबलात तर बोर्ड मधोमध वाकतो आणि आपण केळीच्या पानावर उभे आहोत असं वाटतं.

अशा बोर्डात सुमारे 300 लिटर हवा मावते. त्यामुळे वजनाची चिंता करणाऱ्यांनी ती सोडावी. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस तो सहज पेलतो. बुडायचा प्रश्न नसतोच, प्रश्न असतो कलंडण्याचा. शेजारीच कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. त्यांना एका बाजूला दांड्यांच्या टोकाला लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, उलांडी म्हणतात ती. अरुंद होडी कलंडू नये म्हणून तिला दिलेला तो बाहेरचा आधार. बोर्डाला उलांडी नाही, म्हणून त्याने ती गरज स्वतःच्या रुंदीतून भागवली आहे. शर्यतीचे बोर्ड अरुंद आणि पळणारे असतात, शिकाऊ बोर्ड रुंद आणि मंद. पहिल्या दिवशी मंद बोर्डच मागावा.

वल्ह्याची लांबी आपल्या उंचीपेक्षा आठ-दहा इंच जास्त हवी. हात सरळ वर ताणला की मूठ मनगटाशी आली पाहिजे. आता इथे एक गंमत आहे. वल्ह्याचं पातं दांड्याशी सरळ रेषेत नसतं, किंचित वाकलेलं असतं. पाहिल्याबरोबर कुणालाही वाटतं, पळीसारखी खोलगट बाजू आपल्याकडे, म्हणजे पाणी ओढता येईल. बरोबर उलटं. पात्याचा कल पुढे, बोर्डाच्या नाकाकडे हवा. आपण वल्हं पुढे टाकून मागे ओढतो तेव्हा दांडा मागे झुकत जातो. पातं आधीच पुढे कललेलं असलं तर पायाशी येईपर्यंत ते पाण्यात जवळजवळ उभं राहतं आणि पाणी मागे ढकलतं. उलट धरलं तर तेच पातं पाणी वर उपसायला लागतं, आणि पाणी वर उपसणं म्हणजे बोर्ड खाली दाबणं. मी पहिली पाच मिनिटं पाणीच उपसत होते. शिकवणारा पंचविशीतला काणकोणचाच मुलगा. तो काही बोलला नाही, फक्त माझ्या हातातलं वल्हं फिरवून परत दिलं.

बोर्डाच्या शेपटाखाली फिन असते, माशाच्या परासारखी. तिच्यामुळे बोर्ड सरळ जातो. तिच्यामुळेच घोट्याएवढ्या पाण्यात बोर्डावर चढायचं नसतं, कारण फिन वाळूत रुतते, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि आपण पुढे जातो. तेव्हा गुडघ्याच्या वर पाणी येईपर्यंत बोर्ड ढकलत न्यायचा.

मग चढायचं. बोर्डाच्या मधोमध उचलायची मूठ असते, तीच त्याची समतोलाची जागा. मुठीच्या दोन बाजूंना दोन गुडघे टेकायचे, वल्हं आडवं समोर. आणि इथेच थांबायचं. आमच्या शिक्षकाने जवळजवळ पंधरा मिनिटं सगळ्यांना गुडघ्यांवरच ठेवलं. बरोबरच्या दोन कॉलेजकुमारांना तो अपमान वाटला. पण गुडघ्यांवर असताना शरीराचा भार खाली असतो, बोर्ड फारसा हलत नाही, आणि वल्हवायला मिळतं. म्हणजे उभं राहायच्या आधी हाताला पाण्याची ओळख होते.

उठायचं कसं, याची एक ठरलेली क्रिया आहे. दोन्ही हात बोर्डावर टेकायचे. एक गुडघा उचलून त्या जागी पाऊल. मग दुसरा. आता आपण ओणवे. मान वर, नजर समोर, आणि मग छाती उचलायची, शेवटी गुडघे थोडे सैल ठेवून उभं राहायचं. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, बोटं नाकाकडे. सर्फिंगचे व्हिडिओ पाहिलेले लोक एक पाय पुढे, एक मागे टाकतात. तो पवित्रा लाटेसाठी, इथे तो आडवं पाडतो.

उठल्यावर सगळे जण एकच चूक करतात: पायांकडे बघतात. पायांकडे बघितलं की डोकं पुढे झुकतं, त्याच्यामागे खांदे, खांद्यांमागे आपण. शिवाय पायाखालचं पाणी सतत हलत असतं, त्यामुळे आपण स्थिर असलो तरी डोळे सांगतात की आपण पडतोय. क्षितिज हलत नाही. “मुखार पळयात!” असं आमचा शिक्षक दर अर्ध्या मिनिटाला ओरडत होता. मुखार म्हणजे पुढे, पळयात म्हणजे बघा. एवढी कोंकणी मी त्या दिवशी कायमची शिकले.

दुसरी चूक म्हणजे उभं राहिल्यावर आनंदाने थांबणं. थांबलेला बोर्ड प्रत्येक लहान लाटेला मान देतो. वल्हं मारायला लागलं की तोच बोर्ड गंभीर होतो. याचं एक कारण साधं आहे: पाण्यात रुतलेलं वल्हं हा आपला तिसरा पाय. डगमगायला लागलं की बहुतेक जण वल्हं घाबरून हवेत उचलतात, म्हणजे होता तो तिसरा पायही काढून घेतात. डगमगलात की वल्हं पाण्यात घाला.

वल्हवताना एक हात मुठीवर, दुसरा दांड्यावर. पातं पुढे जाईल तितकं पुढे टाकायचं, पूर्ण बुडवायचं, आणि पावलांपाशी आलं की काढून घ्यायचं. पावलांच्या मागे ओढत राहिलं तर वेग वाढत नाही, बोर्ड फक्त वळतो. ओढायचं ते दंडाने नव्हे, कमरेतून. जात्यावर बसलेली बाई जशी अख्खं अंग लावते तसं. उजवीकडे मारलेलं प्रत्येक वल्हं नाक डावीकडे नेतं, म्हणून चार-पाच वल्ह्यांनंतर बाजू बदलायची, आणि बाजू बदलताना हातही बदलायचे: वरचा खाली, खालचा वर. मुद्दाम वळायचं असेल तर नाकापासून शेपटापर्यंत पाण्यावर मोठी अर्धवर्तुळाकार फेक. थांबायचं असेल तर उलटं वल्हं. एवढंच. बाकीचं सरावाने येतं, आणि पहिल्या दिवशी येत नाही.

पडायचंही शिकवतात. बोर्डापासून लांब, बाजूला, सपाट पडायचं. सूर मारायचा नाही, कारण तळ किती खाली आहे ते वरून कळत नाही. पाळोळ्याच्या टोकांना खडक आहेत आणि खडकांना कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. परत चढताना बोर्डाच्या बाजूला यायचं, मधली मूठ धरायची, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. पाय खाली लोंबत ठेवून नुसत्या हातांनी वर चढायचा प्रयत्न करणारे दमतात. मी पाचदा पडले. तिसऱ्यांदा पडल्यावर भीती गेली, आणि गंमत म्हणजे त्यानंतर पडणंही कमी झालं.

हा खेळ आजच्या रूपात हवाईचा. वैकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणारी स्थानिक मंडळी होती. गेल्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातले काही जण होडीचं वल्हं घेऊन बोर्डावर उभे राहू लागले. उभ्याने येणारी लाट लांबून दिसते, आणि गळ्यात कॅमेरा असला तर गिऱ्हाइकांचे फोटोही काढता येतात. पुढे नव्वदच्या दशकात लेअर्ड हॅमिल्टनसारख्या मोठ्या लाटांवरच्या सर्फरांनी ही रीत पुन्हा उचलली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे मंगळूरजवळच्या मुळकीत तिची चांगली शाळा तयार झाली. तन्वी जगदीश ही तिथली खेळाडू आंतरराष्ट्रीय शर्यतींत उतरली आहे. अर्थात खाडीतल्या उथळ पाण्यात होडीत उभं राहून काठीने ती ढकलत नेणारा माणूस कोकणाने नेहमीच पाहिला आहे. त्याला कुणी खेळ म्हटलं नाही.

आता जे सांगायला बसले ते. उभं राहणं हा या धड्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग परत येण्याचा.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले होते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे ते खारे, रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे ते मतलई. परीक्षेनंतर ते विसरायचे नसतात हे मला आदल्या वर्षी कळलं. दुसऱ्या एका किनाऱ्यावर सकाळी लवकर मी हौसेने बोर्ड भाड्याने घेतला. शिकवणारा कुणी नव्हता. बोर्ड आणि पाय यांना जोडणारी दोरी, लीश, तीही दिली नाही आणि मीही मागितली नाही. पडले. डोकं वर काढलं तर बोर्ड दोन हात लांब. पोहत गेले तर चार हात. मला पोहता येतं, पण माझं अख्खं अंग पाण्यात होतं आणि बोर्ड पाण्याच्या वर तरंगत होता, तेव्हा मतलई वारा त्याला माझ्यापेक्षा वेगाने नेत होता. शेवटी मच्छीमारांच्या होडीने तो आणून दिला. त्यांनी काही घेतलं नाही, फक्त हसले.

मतलई वारा फसवा आहे तो यामुळेच. तो जमिनीकडून येतो, म्हणून किनाऱ्यालगत लाट उठवत नाही. पाणी काचेसारखं दिसतं. त्या काचेवर आपण आरामात आत जातो आणि वळल्यावर कळतं की आत नेणारे आपले हात नव्हते. उभा माणूस म्हणजे शीडच. अशा वेळी गुडघ्यांवर बसायचं, तरी जमेना तर बोर्डावर पालथं पडून हातांनी वल्हवायचं. बोर्ड सोडून पोहत यायचं नाही, काहीही झालं तरी. पाळोळ्याला आमचा शिक्षक पूर्ण वेळ आमच्या समुद्राच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तो तिथेच का उभा आहे, हे अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं.

दुसरं खातं भरती-ओहोटीचं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, ढोबळमानाने. आम्ही गेलो ती अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती पुरी, त्यानंतर दुपारपर्यंत ओहोटी. शिवाय अष्टमीची भांगाची भरती, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखी ओढ नाही. पुळणीच्या उत्तरेकडे एक खाडी समुद्राला मिळते. धड्याच्या शेवटी शिक्षक आम्हाला त्या खाडीत वर घेऊन गेला, ओहोटीच्या आणि वाऱ्याच्याही विरुद्ध. कॉलेजकुमारांनी कुरकुर केली. पण जाताना विरुद्ध गेलं की दमल्यावर येणं सोपं होतं. उलट केलं की सहल घरापासून लांब संपते. आत दोन्ही काठांना तिवरांची मुळं पाण्याबाहेर आलेली, एका मुळावर खंड्या. त्याला बघायला मी मान वळवली आणि पाचव्यांदा पडले, ती तिथे.

किरकोळ सूचना दोन. सनस्क्रीन तळपायांना आणि तळहातांना लावू नये, सगळं निसटतं. आणि चष्मा असेल तर त्याला दोरी बांधा. माझा आता खाडीच्या तळाशी आहे.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबर ते मे, आणि सकाळी लवकर. पावसाळ्यात नाही. पैसे देण्याआधी देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: लीश आणि लाइफ जॅकेट देता का, आत्ता वारा कुठून आहे, आणि भरती कितीला. तिसऱ्या प्रश्नाला त्याने आकाशाकडे किंवा पाण्याकडे न बघता मोबाइलकडे बघितलं तरी चालेल. पण वारा कुठून आहे हे त्याला सांगता आलं नाही, तर त्या दिवशी नारळपाणी प्या आणि परत या.