ओढायचा गळ, नाचवायचा गळ

टेंभुर्णी म्हटलं की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना सोलापूर जिल्ह्यातली आठवते, पुणे-सोलापूर रस्त्यावरची, उजनीच्या शेजारची. मासळीचा विषय निघाला तर तीच पुढे येणार. जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यातही एक टेंभुर्णी आहे, आणि तिलाही मोठं पाणी फार लांब नाही. पूर्वेला जिल्ह्याची हद्द ओलांडून देऊळगाव राजा तालुक्यात गेलं की पूर्णा नदीवर खडकपूर्णा धरण लागतं. त्याच्या जलाशयाचं नाव संत चोखामेळा सागर, कारण चोखोबांचं गाव मेहुणा राजा याच तालुक्यातलं. धरणाला १९ दरवाजे आहेत आणि उपयुक्त साठा ९३.४० दशलक्ष घनमीटर. पैठणच्या नाथसागराचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे त्याच्यापुढे हे पिल्लूच. पण काठी घेऊन काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्ही सारखीच अथांग वाटतात. एवढ्या पाण्यात मासा आहे कुठे?

मोठ्या जलाशयाचा बराचसा भाग एका वेळी रिकामाच असतो. मासे ठरावीक जागी असतात, आणि त्या जागा ऋतूप्रमाणे बदलतात. आपल्याकडे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते चैत्र-वैशाखात. सिंचनाला आणि पिण्याला पाणी जातं, उरलेलं ऊन पितं, आणि जलाशय आक्रसत जुन्या नदीपात्राकडे सरकतो. काठची उथळ पाणथळ तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून दिवसा मासा खोल पात्राच्या कडेला उतरतो. बुडालेल्या बाभळींची खोडं, जुन्या विहिरींचे कठडे, बांधांचे दगड यांच्या आडोशाला तो थांबतो. ज्याने धरण होण्याआधीची शिवारं पाहिली आहेत, त्याला ही जागा यंत्राशिवाय सांगता येते. इतरांसाठी आता बॅटरीवर चालणारे, तळाची खोली दाखवणारे फिशफाइंडर मिळतात.

दुसरी खूण वाऱ्याची. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की पृष्ठभागावरचं सूक्ष्म खाद्य पूर्वेच्या काठाकडे ढकललं जातं. त्यामागे बारकी मासळी जाते आणि तिच्यामागे शिकारी मासे. लाटा फुटणाऱ्या त्या काठावर उभं राहायला कुणाला आवडत नाही. गळवाल्याने तिथेच उभं राहावं.

पण आधी हे ठरवायला हवं की आपण कोणत्या माशामागे आहोत. धरणात बोटुकली सोडून वाढवले जातात ते कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. त्यांच्यासमोरून चकचकीत नकली मासा ओढत नेला तर ते सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना कणकेचा गोळा आणि स्वस्थ बसण्याची सवय असलेला माणूस लागतो. हलता गळ आहे तो मरळ, शिवडा आणि शिंगाळ्यासाठी. मरळ डोळ्यांनी शिकार करते, अधूनमधून वर येऊन हवा घेते आणि गवताच्या कडेने दबा धरते. शिवडा आणि शिंगाळा मिशांनी चाचपत, वासावर, अंधारात फिरतात. शिवड्याचा जबडा डोळ्यांच्याही मागेपर्यंत फाटलेला असतो. हा मासा आता जगभरात धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, हेही लक्षात असू द्या.

हलत्या गळाच्या दोन तऱ्हा. पहिली ओढण्याची, इंग्रजीत ट्रोलिंग. होडी सावकाश, माणूस चालतो त्याहूनही हळू, वल्हवायची आणि मागे दोन्ही बाजूंनी वीस-तीस मीटर तंगुसावर एकेक नकली मासा सोडायचा. त्याच्या तोंडाशी लहानसं पातं असतं, ते पाण्याचा दाब घेऊन त्याला खाली नेतं आणि थरथरवतं. याचा फायदा असा की एका सकाळी पात्राची लांबच लांब कड चाचपून होते. वळण घेताना बाहेरच्या बाजूचा गळ वेगाने धावतो, आतल्या बाजूचा मंदावतो. वळणावर ज्या गळाला झटका बसला, त्यावरून आज माशाला धावतं सावज हवंय की रेंगाळणारं ते समजतं. नुसतं सरळ रेषेत वल्हवणारा ही माहिती फुकट घालवतो.

दुसरी तऱ्हा नाचवण्याची, जिगिंग. शिशाचं डोकं असलेला गळ सरळ तळापर्यंत सोडायचा, तळ लागला की हातभर उचलायचा आणि परत पडू द्यायचा. मासा बहुतेक वेळा तो पडत असतानाच घेतो, कारण जखमी मासळी तशीच खाली जाते. म्हणून पडतानाही तंगूस किंचित ताठ हवा. ढिला सोडला तर टोचणी हाताला कळतच नाही. ओढून मासा सापडला की तिथेच थांबून नाचवायचं, असा साधा क्रम आहे. नाचवण्यात शिसं मात्र भरपूर जातं, बाभळीच्या खोडात अडकून. त्याला इलाज नाही.

या दोन्ही तऱ्हांचा मोठा संसार आहे तो उत्तर अमेरिकेत, वॉलआय नावाच्या माशाभोवती. मिनेसोटा राज्याने त्याला १९६५ साली राज्यमासा केलं, ज्या वर्षी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते नाथसागराच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. तिथल्या मिल लॅक्स तलावाचा विस्तार पाचशे चौरस किलोमीटरहून जास्त, नाथसागरापेक्षाही मोठा. वसंतात बर्फ वितळलं की हा मासा उथळ, खडकाळ काठांवर अंडी घालायला येतो. म्हणजे सगळ्यात सोपा सापडतो तो तेव्हाच. आणि नेमकं तेव्हाच मिनेसोटात त्याला पकडायला बंदी असते. हंगाम उघडतो मे महिन्याच्या मध्यावर, अंडी घालून झाल्यावर. वीस इंचांहून मोठा वॉलआय एकच ठेवता येतो, कारण मोठ्या मादीच्या पोटातली अंडी हीच पुढची मासळी.

आपला वसंत या बाबतीत मृग नक्षत्रात येतो. पहिल्या पावसाने ओढ्यांना गढूळ पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. या चढणीच्या माशांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ताव मारला गेलाय. लहान ओढ्यांच्या काळात ते चालूनही गेलं असेल. आता धरणाच्या पाण्यातून चढणारी मादी वाटेतल्या बंधाऱ्याशी अडते आणि तिथेच पाटीभरून उचलली जाते. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचा प्रवाह लागतो. म्हणून तर १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि ही देशभरातल्या मत्स्यशेतीला कलाटणी देणारी घटना ठरली. कार्पचं बीज केंद्रात तयार होतं, हे खरं. शिवडा आणि शिंगाळ्याची बोटुकली मात्र आपल्या धरणांत फारसं कुणी आणून सोडत नाही.

मरळीच्या बाबतीत तर आणखी वाईट प्रकार चालतो. तिची लालसर पिल्लं पृष्ठभागावर घोळक्याने फिरतात आणि नर-मादी खालून राखण करतात. त्या घोळक्यावर रबरी बेडूक टाकला की राखणीला असलेला मासा चवताळून झडप घालतो. फोटो झकास येतो. राखणदार गेला की घोळका चिलापीच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातो. याला शिकार म्हणणं मला तरी पटत नाही.

खडकपूर्णा असो की नाथसागर, धरणातल्या मासेमारीचा हक्क ठेक्याने बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तेव्हा काठी बाहेर काढण्याआधी तिथल्या संस्थेला विचारा. सुरुंग आणि विष वापरणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. वैशाखातल्या वळवात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून गळ ओढू नका, विजेला पाण्यावर तुमच्याइतकं उंच दुसरं काही दिसत नाही. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत हवं तेवढं ओढा, हवं तेवढं नाचवा. मृगानंतर दोन महिने मात्र काठी माळ्यावर ठेवा, आणि बाजारात पोटाशी फुगलेली चढणीची मासळी दिसली तर ती घेऊ नका.