विश्लेषण : हाडजोड घेताय, पण हाडे खरंच भरताहेत का? कसे ओळखायचे?

कापूस वेचणीचा हंगाम सरत आला की कंबर धरते, गुडघे कुरकुरतात. मग कोणीतरी हाडजोडीचे चूर्ण सुचवते. दोन महिन्यांत दुखणे कमी झाले की औषध लागू पडले, असे घरात ठरूनही जाते. वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर असो की पुणे, गफलत इथेच होते. हाडांची झीज, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, बहुतेक वेळा दुखतच नाही. हाड मोडेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. त्यामुळे दुखणे थांबले, यावरून हाडे भरली की नाही हे कळत नाही.

हाडजोडीबद्दल काय माहीत आहे?

हाडजोड म्हणजे कांडवेल, चौकोनी कांड्यांची वेल. आयुर्वेदात ती 'अस्थिसंहारक' नावाने ओळखली जाते आणि लाक्षादि गुग्गुळात वापरली जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत तिचे निष्कर्ष आशादायक आहेत. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा. थायलंडमध्ये पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या महिलांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली. हाडांची घनता औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत सारखीच राहिली. झीज मंदावल्याचे संकेत तेवढे रक्ततपासणीत दिसले.

मग मोजायचे कसे?

डेक्सा स्कॅनने. कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता त्यात मोजतात. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असला तर ऑस्टिओपेनिया.

पण एका आकड्याने काही कळत नाही, आणि घाईने काढलेल्या दोन आकड्यांनीही नाही. कापसाचा वजनकाटा पाच किलो इकडेतिकडे दाखवत असेल, तर दोन किलोच्या फरकावर कोणी भांडत नाही. डेक्साचेही तसेच आहे. समजा, त्या केंद्रावर कण्याच्या मोजणीत ४ टक्क्यांपर्यंतचा फरक चुकीत धरला जातो. पहिल्या अहवालात घनता ०.८०० आणि दुसऱ्यात ०.८१६ ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर आली, तर वाढ २ टक्के. ती वाढ नव्हेच. ०.८३२ च्या पुढे आकडा गेला तरच बोलता येईल. पाळी गेल्यानंतरची झीजही साधारण वर्षाला एक-दोन टक्के असते, म्हणून सहा महिन्यांनी केलेला स्कॅन बहुधा पैसे वाया घालवतो. एक ते दोन वर्षांनी, त्याच केंद्रात, त्याच मशीनवर स्कॅन करावा. साठीनंतर मणक्यांच्या झिजेमुळे कण्याचा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. तेव्हा खुब्याचा आकडा पाहावा. शिबिरात टाचेवर लावतात ते यंत्र उपचाराचा परिणाम जोखण्यासाठी नाही.

लवकर कळण्यासाठी सीटीएक्स ही रक्ततपासणी आहे. औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा, सकाळी उपाशीपोटी, एकाच प्रयोगशाळेत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. निकाल चुकू शकतो.

चूर्णासोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्वही सुरू केले असेल, तर श्रेय कोणाचे? ते एका माणसाच्या अहवालातून सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल केला तर निदान अंदाज तरी बांधता येतो.

दोन आठवड्यांत आराम? सावध

लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे भारतात समोर आली आहेत. दुखणे झटक्यात जाते, भूक वाढते, चेहरा सुजतो, साखर चढते. आणि हेच स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले तर हाडे पोखरते. शंका आल्यास पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. बरेच दिवस घेतली असेल तर परस्पर बंद करू नये, स्टेरॉइड एकदम थांबवणेही धोक्याचे असते.

साध्या पडण्याने हाड मोडले असेल किंवा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल, तर डॉक्टरांनी दिलेले औषध थांबवून चूर्णाचा प्रयोग करू नये. घरच्या घरी दर सहा महिन्यांनी उंची मोजावी. वर्षभरात दोन सेंटीमीटर कमी भरली तर मणक्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

डेक्सा मशीन प्रत्येक ठिकाणी नसते. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला निघण्याआधी फोन करून विचारावे. जाताना जुना अहवाल, आणि चूर्ण कोणत्या तारखेला सुरू केले तो कागद सोबत ठेवावा.