सिनेटमधला सौदा आणि चार खुर्च्या

घटना समितीत २४ मे १९४९ रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांसमोर दोन नमुने होते. इंग्लंडात राजाच्या नावाने सरकारच न्यायाधीश नेमत असे, त्याला कुणाची आडकाठी नव्हती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, पण सिनेटने होकार दिल्याशिवाय तो माणूस न्यायासनावर बसत नाही. बाबासाहेबांनी दोन्ही नमुने बाजूला ठेवले. प्रत्येक नेमणूक कायदेमंडळाच्या संमतीला बांधली तर कारभार जड होईल आणि राजकीय दडपण न्यायालयाच्या दारातून आत शिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच भाषणात सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार द्यायलाही त्यांनी विरोध केला होता. आपल्याकडे १९९३ च्या निकालाने न्यायाधीशांनी तो अधिकार स्वतःकडेच घेतला, पण त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आज अमेरिकेविषयी.

अमेरिकेत संघराज्याची १३ अपील न्यायालये आहेत. त्यांना तिकडे सर्किट कोर्ट म्हणतात. तिथले सुप्रीम कोर्ट वर्षाला साठ-सत्तर खटल्यांचाच सविस्तर निकाल देते. म्हणजे कैदी असो, कामगार असो की मतदानाचा हक्क मागणारा काळा नागरिक असो, बहुतेकांसाठी अपील न्यायालय हीच शेवटची पायरी. न्यायाधीश नेमला जातो तो तहहयात. आपल्याकडे हायकोर्टाचा न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतो. तिकडे चाळिशीत बसलेला माणूस तीस-पस्तीस वर्षे निकाल देऊ शकतो. म्हणून तिथले दोन्ही पक्ष या खुर्च्यांसाठी जिवाच्या आकांताने भांडतात. (वाचकांनी तिथल्या रिपब्लिकन पक्षाचा आपल्या रिपब्लिकन पक्षाशी घोळ करू नये. नावापलीकडे काहीही साम्य नाही.)

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले. सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे ५१-४९ बहुमत आणखी काही आठवडेच टिकणार होते. तेवढ्यात बायडेन यांनी सुचवलेले न्यायाधीश मंजूर करून घ्यायचे होते. रिपब्लिकनांनी प्रत्येक टप्प्यावर मतदान मागून वेळ खायला सुरुवात केली. मग सौदा झाला. रिपब्लिकनांनी खालच्या, म्हणजे जिल्हा न्यायालयांच्या डझनभर नावांची वाट मोकळी करायची आणि त्या बदल्यात डेमोक्रॅट नेते चक शूमर यांनी अपील न्यायालयांची चार नावे मतदानाला आणायचीच नाहीत. शूमर यांच्या बाजूने हिशेब मांडला गेला की चार गेले, पण त्याच्या तिपटीहून जास्त मिळाले.

हा हिशेब वाण्याच्या वहीत शोभतो. कोणते चार गेले, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

अदील मांगी. कराचीत जन्म, ऑक्सफर्ड आणि हार्वर्डमध्ये शिक्षण, न्यूयॉर्कमध्ये बड्या कंपन्यांची वकिली. पण न्यू जर्सीत ज्या मुस्लिमांना नगरपालिका मशीद बांधू देत नव्हती, त्यांचा खटला त्यांनी लढवला. त्यात २०१७ मध्ये नगरपालिकेला ३२ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले. तुरुंगात मरण पावलेल्या एका काळ्या मनोरुग्ण कैद्याच्या कुटुंबासाठीही ते उभे राहिले. मंजूर झाले असते तर संघीय अपील न्यायालयावरचे ते पहिले मुस्लिम न्यायाधीश ठरले असते. डिसेंबर २०२३ च्या सुनावणीत त्यांना कायद्याविषयी कमी आणि हमासविषयी जास्त विचारले गेले. रायन पार्क हे तेव्हा नॉर्थ कॅरोलिना राज्याचे सॉलिसिटर जनरल होते. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करता येतो, ही बाजू त्यांनी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात मांडली होती. २०२३ मध्ये ती फेटाळली गेली. कार्ला कॅम्पबेल या टेनेसीतल्या कामगारांच्या वकील. चौथ्या ज्युलिया लिपेझ, मेन राज्यातल्या न्यायाधीश.

कैद्याचा वकील, मशिदीचा वकील, विशेष प्रवेशाचा वकील, कामगारांची वकील. कोर्टात आम्ही रोज पाहतो, अशा पक्षकारांची वकीलपत्रे घेणाऱ्याच्या नावावर एक अदृश्य शिक्का बसतो आणि पुढे वर जाण्याची वेळ आली की तो शिक्का दिसू लागतो.

डेमोक्रॅटांचे उत्तर असे, की या चौघांसाठी मते नव्हतीच. मांगी यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. नेवाडाच्या दोन्ही डेमोक्रॅट सिनेटरांनी आपण त्यांना मत देणार नाही, असे आधीच जाहीर केले होते. पण मते नव्हती तर मतदान घ्यायचे आणि हरायचे. हरण्यात कसली लाज? मतदान झाले असते तर कोणी हात वर केला आणि कोणी खाली ठेवला, याची नोंद राहिली असती.

ही नोंद किती महत्त्वाची असते, ते थरगूड मार्शल यांच्या बाबतीत दिसते. शाळांमधला वर्णभेद १९५४ मध्ये कोर्टातून मोडून काढणारा हा वकील. केनेडी यांनी १९६१ मध्ये त्यांचे नाव अपील न्यायालयासाठी पाठवले. न्याय समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे ईस्टलँड, वर्णभेदाचे उघड समर्थक. सुमारे वर्षभर नाव रखडवले. पण शेवटी सप्टेंबर १९६२ मध्ये सभागृहात मतदान झालेच : ५४ विरुद्ध १६. ते सोळा जण कोण, हे आजही कुणीही काढून वाचू शकतो. २०२४ च्या सौद्यात असा एकही कागद मागे राहिला नाही.

हा दोष एकाच पक्षाचा आहे, असे समजायचे कारण नाही. २००५ मध्ये दोन्ही पक्षांच्या सात-सात सिनेटरांनी एकत्र बसून समझोता केला होता. डेमोक्रॅटांनी अडवलेली बुश यांची तीन नावे मतदानाला सोडायची, एवढे ठरले. दोन नावांबद्दल मात्र कोणतीही हमी दिली गेली नाही. त्यांतले एक होते अरब वंशाचे हेन्री साद. ते ताटकळत राहिले आणि २००६ मध्ये त्यांनी माघार घेतली. तीन वर्षे आधी, २००३ मध्ये, होंडुरासमधून आलेल्या मिगेल एस्ट्राडा यांनाही डेमोक्रॅटांनी असेच थकवून परत पाठवले होते. दोघेही उजव्या विचारांचे. मी त्यांच्या बाजूचा नाही. पण टेबलावर नसलेल्या माणसाच्या नावाने देवाणघेवाण करायची, ही रीत दोन्ही घरांत सारखीच आहे.

आता रायन पार्क ज्या खुर्चीवर बसणार होते, तिची कथा. ती चौथ्या सर्किटची. या सर्किटमध्ये व्हर्जिनिया, मेरीलँड, दोन्ही कॅरोलिना आणि वेस्ट व्हर्जिनिया येतात. काळ्यांची एवढी मोठी वस्ती असूनही २००० सालापर्यंत तिथे एकही काळा न्यायाधीश नव्हता. क्लिंटन नावे पाठवत, नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर जेसी हेल्म्स ती अडवत. तेव्हा सिनेटर आपल्या राज्यातल्या उमेदवाराला संमती म्हणून एक निळी चिठ्ठी परत पाठवत असे. ती चिठ्ठी परत गेली नाही की नाव मरत असे. ना भाषण, ना मतदान. १९९९ मध्ये जेम्स विन या काळ्या न्यायाधीशाचे नाव असेच मेले. अखेर डिसेंबर २००० मध्ये सिनेटच्या सुट्टीचा फायदा घेऊन क्लिंटन यांनी रॉजर ग्रेगरी यांना परस्पर नेमले, तेव्हा त्या न्यायालयाचा रंग पहिल्यांदा बदलला. पुढे बुश यांनीच ग्रेगरी यांचे नाव पुन्हा पाठवले आणि मतदान झाले तेव्हा ते ९३ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. मतदान होऊ न देण्यामागे काय दडलेले असते, ते या आकड्यावरून ओळखावे.

विन यांना ओबामांनी पुन्हा उभे केले आणि २०१० मध्ये सिनेटने त्यांना बिनविरोध मान्यता दिली. एका चिठ्ठीपायी अकरा वर्षे गेली.

मांगी यांच्यासाठी योजलेल्या खुर्चीवर पूर्वी जोसेफ ग्रीनवे हे काळे न्यायाधीश होते. जुलै २०२५ मध्ये तिच्यावर एमिल बोवी आले, ट्रम्प यांच्या फौजदारी खटल्यांतले त्यांचे खासगी वकील. ५० विरुद्ध ४९ मतांनी. टेनेसीची खुर्चीही त्याच महिन्यात ट्रम्प यांच्या उमेदवाराला मिळाली.

चौथ्या सर्किटची खुर्ची मात्र गेली नाही. ती मुळात विन यांचीच होती. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी नियमित पदावरून बाजूला होण्याचे कळवले होते, मात्र जागेवर दुसरा मंजूर झाल्यावर. सौद्यात पार्क यांचे नाव गेले. डिसेंबरमध्ये सत्तर वर्षांच्या विन यांनी बायडेन यांना पत्र लिहिले की आपण बाजूला होत नाही. रिपब्लिकन सिनेटरांनी संताप व्यक्त केला, हे राजकारण आहे म्हणाले. विन आपल्या जागेवर बसून राहिले.